मुलीला तत्त्वज्ञानात बी.ए. करायचंय. हो म्हणू का?

तापीकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज आली.

मुलगी यंदा बारावी कला शाखेतून ८४ टक्के घेऊन पास झाली. तर्कशास्त्रात शंभरपैकी ९७. परवा रात्री जेवताना भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाली, "पप्पा, मला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करायचंय. पुण्याला." तिची आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी ताटाकडे.

चोपडा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, खतं-बियाण्यांचं. मी स्वतः बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं. डी.एड., नर्सिंग, बँकेच्या परीक्षा हे मला कळतं. "तत्त्वज्ञान शिकून आली" म्हणजे पोरगी नक्की काय शिकून आली, हे मला कुणी सांगू शकत नाहीये. कॉलेजची फी परवडेल, पण पुण्यातली खोली, मेस, जाणं-येणं हे सगळं तीन वर्षं काढायचं. धाकटा दहावीला आहे.

दोनच प्रश्न. तिथे शिकवतात काय? आणि पुढे काय? कडू असलं तरी खरं सांगा.

कोरडवाहू | सोमवार, रात्री १०:०५

भाऊ, स्पष्ट बोलतो. पोटापाण्याचं आधी बघा. ज्यांच्या घरी दोन पिढ्यांची सोय आहे त्यांनी असले विषय घ्यावेत. आपल्यासारख्यांच्या मुलांनी हाताला काम देणारं शिकावं. तत्त्वज्ञान काय, पुस्तकं आणून घरीही वाचता येतं.

सोलापुरी_चादर | सोमवार, रात्री १०:३०

यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय आहे. २५०-२५० गुणांचे दोन पेपर. पहिल्यात प्लेटोपासून विट्गेन्स्टाइनपर्यंत आणि चार्वाकापासून अरविंदांपर्यंत, दुसऱ्यात समाज-राजकीय तत्त्वज्ञान आणि धर्माचं तत्त्वज्ञान. अभ्यासक्रम इतरांच्या मानाने आटोपशीर म्हणून बरेच इंजिनियरसुद्धा घेतात. शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्राचा पेपर सगळ्यांनाच आहे.

पण काका, मी चार वर्षं या परीक्षा दिल्यात म्हणून सांगतो, वैकल्पिक विषयासाठी पदवी घ्यायची गरज नसते. "यूपीएससीला उपयोगी पडेल" एवढ्या एका कारणावर हो म्हणू नका. परीक्षा नाही निघाली तर पोरीला वाटेल विषयच वाया गेला, आणि तसं नसतं.

अनवट | मंगळवार, सकाळी ७:१५

मी हा विषय शिकवते. अकरा वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावर. पीएच.डी. झाली, सेट (प्राध्यापकीची राज्याची पात्रता परीक्षा) झाली. तासाप्रमाणे पैसे, तेही कधी सहा महिन्यांचे एकदम. उन्हाळ्यात काहीच नाही. कायम जागा निघत नाही, कारण कार्यभार, म्हणजे शिकवण्याचे पुरेसे तास, नाही. कार्यभार नाही, कारण विद्यार्थी नाहीत. आणि विद्यार्थी नाहीत, कारण विभागात कायम माणूसच नसतो. हे चक्र मी आतून बघितलंय. त्यामुळे कडू भाग आधी सांगून टाकते: प्राध्यापक होण्याच्या आशेवर मुलीला पाठवू नका. झाली तर आनंद, पण घराचं गणित त्यावर मांडू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न. शिकवतात काय?

माझ्या वर्गात एक नियम आहे. ज्याचं म्हणणं खोडायचंय, त्याचं म्हणणं आधी स्वतः मांडायचं. त्याने "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हटलं तरच पुढे बोलायचं. आपल्या परंपरेत याला पूर्वपक्ष म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. मागच्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आरक्षणावर बोलणं निघालं. एक मुलगा विरोधात, एक मुलगी बाजूने. दोघांचे आवाज चढलेले. मी म्हटलं, आता तू तिची बाजू मांड. त्याने दोन वाक्यांत उरकलं. ती म्हणाली, "हे माझं म्हणणं नाहीच." दुसऱ्यांदा जरा लांब बोलला. तरी ती नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तो फळ्यापाशी गेला, खडूने तीन मुद्दे लिहिले, एक पुसला, परत लिहिला. पाचेक मिनिटं गेली असतील. मग ती हळूच म्हणाली, "हो. हेच. मलाही इतकं नीट मांडता आलं नव्हतं."

त्याचं मत त्या दिवशी बदललं नाही. पण त्यानंतर तो बोलायचा ते खरंच तिच्याशी बोलायचा, आधी मनातल्या कुणाशी तरी भांडायचा.

कोरडवाहूदादा, पुस्तकं घरी वाचता येतात हे अगदी खरं. पण पुस्तक तुम्हाला "हे माझं म्हणणं नाहीच" असं कधी म्हणत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो, आणि तोही रोज. विद्यापीठात जायचं ते त्यासाठी.

मांडवी | मंगळवार, सकाळी ८:५०

अनवटताई, काय सुंदर लिहिलंय! आमच्या गोव्यात पाद्री व्हायला सेमिनरीत जाणाऱ्या मुलांना आधी तत्त्वज्ञान शिकवतात, मग ईशशास्त्र. माझ्या शेजारचा मुलगा गेला होता. पाद्री झाला नाही, परत आला, आता पणजीत हॉटेलच्या हिशेबाचं काम बघतो. त्याची आई म्हणते, गेला तेव्हा तोडून बोलायचा, आला तो ऐकून घेणारा होऊन आला.

कोरडवाहू | मंगळवार, सकाळी ९:१०

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्हीच लिहिलंय की अकरा वर्षांत कायम नोकरी नाही. ऐकून घेणारा माणूस चांगला, पण घरभाडं ऐकून घेत नाही.

चक्रपाणी | मंगळवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी वकील. तत्त्वज्ञानात बी.ए., मग एल.एल.बी. जास्त करून जमिनीचे दिवाणी दावे बघतो. कोरडवाहूंना पोटापाण्याचं उदाहरण हवंय, माझं घ्या.

बी.ए.ला आम्हाला न्यायदर्शन होतं, म्हणजे आपल्याकडचं जुनं तर्काचं शास्त्र. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे, हे अनुमान सगळ्यांना माहीत असतं. सर पुढे विचारायचे: आणि उलट? जिथे आग तिथे धूर असतोच का? वर्ग "हो" म्हणायचा. मग सर लोहाराच्या भट्टीतल्या लालबुंद गोळ्याची आठवण द्यायचे. आग आहे, धूर कुठाय? धूर यायला लाकूड ओलं लागतं. आपण न बोलता धरून चाललेल्या या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. "ओलं लाकूड शोधा रे," हे सरांचं पालुपद.

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एक बाई आल्या. दीर म्हणत होता, सातबाऱ्यावर एकट्याचं माझं नाव, म्हणजे जमीन माझी. गावात सगळ्यांना पटलेलं. बाईंनाही जवळजवळ पटलेलं, त्या फक्त "काही मिळेल का" विचारायला आल्या होत्या. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हे कुठलाही वकील सांगेल. पण माझ्या डोक्यात प्रश्न आला तो सरांचा: नाव आहे म्हणजे मालकी आहे, हे कोणत्या अटीवर खरं? नाव लागलं कशामुळे? जुने फेरफार काढले. सासरे वारले तेव्हा थोरल्याचं नाव "एकुमॅ" म्हणून लागलेलं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पुढच्या पुनर्लेखनात ती तीन अक्षरं गळाली होती. तेच माझं ओलं लाकूड. बाईंना हिस्सा मिळाला.

कायदा मला कायद्याच्या कॉलेजात शिकवला. कुठला प्रश्न विचारायचा, ते त्याआधी शिकलो होतो.

सोलापुरी_चादर | मंगळवार, दुपारी १:३५

वकीलसाहेब, एकुमॅवाली नोंद वाचून आमच्या घरचाही सातबारा आज काढून बघणार. 😄

आळंदीवाट | मंगळवार, संध्याकाळी ६:००

चर्चा चांगली चालली आहे, पण एक बोलू का? आपल्याकडे ज्ञानेश्वरी आहे, गाथा आहे, घरोघरी हरिपाठ आहे. तत्त्वज्ञान त्यात सगळं आलं. ते जगायचं असतं. विद्यापीठात गेलं की मुलं वितंडवाद शिकतात, प्रत्येक गोष्टीला "कशावरून" विचारतात आणि श्रद्धा घालवून बसतात. माझ्या मेव्हण्याचा मुलगा तसाच झाला.

अनवट | मंगळवार, रात्री ८:४५

आळंदीवाटकाका, तुमचाच शब्द धरते. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद. जिंकायलाच करतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत बसणं, ती वितंडा. मराठीने यातला तिसरा शब्द घरोघरी नेला, आणि पहिल्याचा अर्थच भांडण करून टाकला, याचं मला वाईट वाटतं. वर्गात आम्ही शिकवतो तो पहिला.

आणि माऊलींचा अमृतानुभव काढून बघाल? त्याचं सातवं प्रकरण अज्ञानखंडन. अज्ञान नावाची काही वस्तू आहे म्हणता, तर ती राहते कुठे? ज्ञानात राहू शकेल का? एकटी राहू शकेल का? एकेक वाट घेऊन ती कशी बंद होते ते दाखवत जातात. ओवीमागून ओवी "कशावरून" हाच प्रश्न आहे. श्रद्धा आणि प्रश्न एकाच घरात नांदतात याचा याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही.

आळंदीवाट | मंगळवार, रात्री ९:३०

पारायणात वाचलंय ते प्रकरण, पण या नजरेने नाही. आज पुन्हा काढतो. मेव्हण्याच्या पोराशीही बोलतो.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४:१०

ड्युटीवरून लिहितेय, चुका समजून घ्या. मी परिचारिका, सतरा वर्षं अतिदक्षता विभागात. तत्त्वज्ञानात एम.ए. मी नोकरी करता करता केलं, बहिस्थ. का केलं ते सांगते.

एक आजोबा होते, ८१ वर्षांचे, व्हेंटिलेटरवर, सुधारणा नाही. थोरला मुलगा म्हणायचा, नळी काढली तर आपण बाबांना मारलं असं होईल. धाकटा म्हणायचा, हाल बघवत नाहीत. दोघं रात्री माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे, वेगवेगळ्या वेळी. थोरल्याने एकदा विचारलं, "सिस्टर, लावलीच नसती तर चाललं असतं, मग काढली तर पाप कसं?" मला उत्तर आलं नाही. औषधांची मात्रा मला झोपेत विचारा. हे नाही आलं.

मारणं आणि मरू देणं यात फरक आहे का, असला तर कशात आहे, यावर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या विचार केलाय हे मला एम.ए.ला कळलं. मग २०११ चा अरुणा शानबाग यांच्या बाबतीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला, २०१८ चाही वाचला. वर्षानुवर्षं भान हरपून पडून असलेल्या शानबागांना मरू द्यावं, अशी याचिका होती. २०११ ला न्यायालयाने ती फेटाळली, पण काटेकोर अटींवर उपचार थांबवायची वाट मोकळी केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना ४२ वर्षं सांभाळलं, याचिकेला विरोध केला. त्या आमच्याच. त्यांचं म्हणणंही मला समजतं आणि धाकट्या मुलाचंही. आधी मी यातल्या एकालाच बरोबर म्हटलं असतं.

अजून एक, हे फार लोकांना माहीत नसतं. औषधांच्या चाचण्यांसाठी नैतिकता समिती लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी सात सदस्य. त्यात एक सामान्य माणूस, एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार, आणि समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतिशास्त्राचा किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांपैकी एक. नियमात चक्क "तत्त्वज्ञ" लिहिलाय. त्या खुर्चीवर बसणारं शिकलेलं माणूस शोधावं लागतं.

त्या आजोबांच्या थोरल्या मुलाला आज मी काय सांगितलं असतं? उत्तर नसतंच सांगितलं. पण खुर्ची दिली असती, आणि विचारलं असतं, "तुम्हाला काढण्याचं भय वाटतंय, की ते आपल्या हातून होण्याचं?"

कोरडवाहू | बुधवार, सकाळी ७:३०

सिस्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी एवढा विरोधात का ते सांगतो. माझा धाकटा भाऊ तत्त्वज्ञानात एम.ए. आहे, चांगल्या मार्कांनी. नेट, म्हणजे प्राध्यापकीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा, झाला. सहा ठिकाणी मुलाखती दिल्या. आई-वडिलांनी त्यासाठी एक एकर विकली होती. आज तो गावात शिकवण्या घेतो. हुशार आहे, गावातली भांडणं त्याच्याकडे मिटायला येतात, हेही खरं. पण कायम नोकरी नाही म्हणून त्याच्या लग्नाला नकार आला की आई अजून दाराआड रडते. विषय वाईट आहे असं मी म्हणत नाही. विषयाची किंमत कुणी मोजली, ते मी बघितलंय.

अनवट | बुधवार, सकाळी ८:००

दादा, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

ग्रंथमुंगी | बुधवार, दुपारी ३:२५

तापीकाठ, तुम्ही चोपड्याचे, आणि अजून अमळनेरचं नाव कुणी काढलं नाही याचं मला नवल वाटतंय.

तुमच्यापासून तासाभरावर श्रीमंत प्रतापशेठजींच्या देणगीतून १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली. लोक तिला तत्त्वज्ञान मंदिर म्हणायचे. कापसाच्या आणि गिरणीच्या गावात. कोलकात्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, ज्यांना विसाव्या शतकातले भारताचे मोठे तत्त्वचिंतक मानतात, ते तिथे प्रमुख म्हणून येऊन राहिले. तत्त्वज्ञ मलकानीही तिथेच. तिथून निघणारं इंग्रजी त्रैमासिक जगभर जायचं. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी या मंदिरात शिकायला, शाळेत मास्तर झाले ते नंतर, १९२४ ला. म्हणजे खानदेशातल्या पोरीने तत्त्वज्ञान मागणं ही पुण्यामुंबईची हौस नाही, तुमच्याच मातीत आहे ते.

मराठीतही काम कमी नाही. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश १९७४ चा, तीन खंड. मे. पुं. रेगे, दि. य. देशपांडे, सुरेंद्र बारलिंगे ही माणसं मराठीत लिहीत होती, एकमेकांशी भांडत होती. १९८३ साली पुण्यात तर रेगे आणि तत्त्वज्ञ दया कृष्ण यांनी न्यायशास्त्राचे पंडित आणि इंग्रजीतून शिकलेले प्राध्यापक एकत्र बसवले. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचा विचार संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवला, आणि पंडितांनी त्याला आपल्या परिभाषेत उत्तरं दिली. अनवटताईंचा वर्गातला नियमच तो, फक्त दोन परंपरांमध्ये.

पुढे काय, म्हणाल तर इरावती कर्वे १९२६ ला फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊनच बी.ए. झाल्या, पुढे मानववंशशास्त्रात गेल्या. त्या विषयावरून पुढे कुठेही जाता येतं, पण जायचं मात्र लागतं. कोरडवाहूंच्या भावाला एकच दार दाखवलं गेलं, चूक तिथे झाली असं मला वाटतं.

कोरडवाहू | बुधवार, दुपारी ४:००

हे मान्य. त्याला कुणी सांगितलंच नाही की नंतर कायदा कर, पत्रकारिता कर. "नेट कर, सर होशील" एवढंच.

चक्रपाणी | बुधवार, दुपारी ४:१५

कोरडवाहू, भाऊ किती वर्षांचे? तीन वर्षांच्या एल.एल.बी.ची सीईटी अजूनही देता येईल. खरंच सांगतोय. नोट्स मी देतो, निरोप करा.

तापीकाठ | गुरुवार, रात्री १०:५०

मंडळी, दोन दिवस दुकानात गर्दी होती, कापसाचं बियाणं घ्यायला लोक येतायत. पण प्रत्येक प्रतिसाद वाचला. काल रात्री सगळे मुलीला वाचून दाखवले. रात्रपाळीताईंचा वाचताना तिची आईही येऊन बसली.

वाचून झाल्यावर पोरीने मला विचारलं, "पप्पा, तुम्हाला भीती नक्की कशाची वाटते? मी उपाशी राहीन याची, की लोक विचारतील 'हे काय शिकवलं' याची?"

मी म्हटलं, दोन्ही एकच. ती म्हणाली, "नाही. पहिली असेल तर आपण पैशाचं मांडू. दुसरी असेल तर पैसे मांडून उपयोग नाही." मला लगेच बोलता आलं नाही. रात्री पडल्यावर विचार केला. खरं सांगायचं तर दुसरी भीती मोठी होती, आणि मी ती पहिलीच्या पदराखाली झाकत होतो. तिला हे कुठल्या कॉलेजने शिकवलेलं नाही अजून. पण अनवटताई, तुम्ही म्हणालात तसं माझ्यासमोर माणूस बसलेलं होतं.

मग सकाळी वही घेऊन खरंच पैशाचं मांडलं. ठरलं ते असं. बी.ए. तत्त्वज्ञान, पुण्यात, जोडीला दुय्यम विषय अर्थशास्त्र. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पुन्हा बसायचं आणि पुढचं ठरवायचं: कायदा, की आणखी काही. प्राध्यापकीवर घर मांडायचं नाही, हे तिनेच वहीत लिहिलं. कोरडवाहूभाऊ, तुमचा प्रतिसाद नसता तर हे वाक्य वहीत आलं नसतं. तुमच्या आईंना नमस्कार.

आता एक मागणं. कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे. मराठीतून सुरुवात करायला काय वाचावं तिने?

ग्रंथमुंगी | गुरुवार, रात्री ११:१०

रेग्यांचे लेखसंग्रह मिळाले तर त्यांनी सुरुवात. महाकोश वाचनालयात असेल तर समोर ठेवून एकेक नोंद, सलग नाही. चार पुस्तकं माझ्याकडे जास्तीची आहेत, पत्ता कळवा, एस.टी. पार्सलने पाठवतो.

अनवट | गुरुवार, रात्री ११:३०

आणि बारावीचं तर्कशास्त्राचं पुस्तक रद्दीत देऊ नका. सत्यता कोष्टकं पहिल्याच सत्रात परत लागतात.

तापीकाठ | शुक्रवार, सकाळी ६:४०

पुस्तक तिने कव्हर घालून ठेवलंय. रविवारी दुकान बंद असतं. आम्ही तिघं अमळनेरला जातोय, तत्त्वज्ञान मंदिर बघायला. इतकी वर्षं त्याच रस्त्याने बियाणं आणायला जात होतो.